ऋतूंचा अभ्यासक्रम : बारामती ते इंदापूर

पुण्याहून सासवड, जेजुरी मागे टाकून मोरगावच्या दिशेने निघालो की डोंगर हळूहळू बुटके होत जातात आणि आभाळ मोठे होत जाते. सह्याद्रीने अडवून घेतलेल्या पावसातला उरलेला वाटा या पट्ट्याला मिळतो. वर्षाला साधारण पाचशे मिलिमीटर, तोही लहरी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आलेल्या नीरा डाव्या कालव्याने बारामती आणि इंदापूर तालुक्यांच्या दक्षिण भागाला ऊस दिला. कालव्याचे पाणी जिथे पोचले नाही, तिथे ज्वारी-बाजरी आणि मेंढरे राहिली. एकाच तालुक्यात हिरवा बागायती पट्टा आणि उघडे माळरान असे दोन्ही पाहायला मिळते, आणि इथल्या सणांवर, गाण्यांवर, खेळांवर या दोन्हींची छाप आहे.

या वाटेला मी लागलो तो एक प्रश्न घेऊन. इथली मुले वर्षभरात हातांनी काय काय घडवतात, काय गातात, कशावर नाचतात, आणि त्यातले किती शाळेच्या दारातून आत येते?

प्रश्न सुचला तो दूरच्या एका शाळेबद्दल वाचून. १९१९ साली जर्मनीतल्या श्टुटगार्ट शहरात वाल्डोर्फ-आस्टोरिया सिगारेट कारखान्याचे चालक एमिल मोल्ट यांनी कामगारांच्या मुलांसाठी शाळा काढायचे ठरवले आणि तिची घडण रुडॉल्फ श्टायनर यांच्यावर सोपवली. पहिलीतल्या मुलाच्या हातात विणकामाच्या सुया, अक्षरांच्या आधी चित्र, पाठ्यपुस्तकाच्या आधी शिक्षकाच्या तोंडची गोष्ट, आणि ऋतूंप्रमाणे फिरणारे सणांचे चक्र ही त्या शाळांची ओळख झाली. श्टायनर यांच्या अध्यात्मविषयक कल्पना सगळ्यांना पटतील असे नाही. पण कला हा मधल्या सुट्टीचा विषय नसून शिकण्याचाच मार्ग आहे, हे या शाळांनी शंभर वर्षे करून दाखवले आहे. मुंबईत २००० साली सुरू झालेली ‘त्रिधा’ याच परंपरेतली. ग्वाटेमालात आतित्लान सरोवराकाठी सान मार्कोस ला लागुना या माया गावात २००७ साली निघालेली ‘एस्कुएला काराकोल’ही तीच वाट चालते. तिथे स्पॅनिशच्या बरोबरीने काक्चिकेल ही गावाची माया भाषा शिकवली जाते. पद्धत जर्मनीतून आली, पण सण, विणकाम आणि बोली गावाची, हे त्या शाळेचे मर्म मला महत्त्वाचे वाटले. बारामती-इंदापुरात अशी वाल्डोर्फ शाळा माझ्या पाहण्यात नाही. तिला लागणारा सगळा ऐवज मात्र गावोगाव पडलेला आहे, आणि तो पाहायचा तर एकदा जाऊन भागत नाही. ऋतू बदलला की पुन्हा जावे लागते.

सुरुवात आषाढाच्या तोंडावर करावी. जूनच्या मध्यावर शाळा उघडतात आणि त्याच सुमारास संत तुकाराम महाराजांची पालखी देहूहून निघते. तुकोबांचे धाकटे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ साली हा सोहळा सुरू केला. पुणे, यवत, वरवंड, उंडवडी असे मुक्काम करत पालखी बारामतीत येते आणि शारदा विद्यालयाच्या प्रांगणात उतरते. पुढची वाट काटेवाडी, सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी अशी जाते. म्हणजे दोन्ही तालुक्यांचा कणाच.

काटेवाडीत दोन गोष्टी पाहाव्यात. पालखी गावात येते तेव्हा परीट समाजाची मंडळी वाटेवर पांढऱ्या धोतरांच्या पायघड्या घालतात. पुढचे धोतर अंथरायचे, मागचे उचलून पुन्हा पुढे न्यायचे. हे इतक्या लयीत चालते की त्यामागे पिढ्यांचा सराव आहे हे सांगावे लागत नाही. मग मेंढ्यांचे रिंगण. धनगर आपला कळप पालखीभोवती पळवतात. धूळ, घंटा, मेंढपाळांच्या हाका आणि टाळ-मृदंग यांचा एकच कल्लोळ होतो. कळपाला रोगराई होऊ नये ही त्यामागची श्रद्धा. आषाढात मेंढरे काटेवाडीच्या माळावर असतात, हेही त्यातून कळते. कारण दिवाळीनंतर या भागातले अनेक कळप घाट उतरून कोकणाकडे जातात आणि पावसाळ्याच्या आधी परततात. जर्मन अभ्यासक गुंथर सोंथायमर यांनी धनगरांच्या देवतांचा आणि ओव्यांचा अभ्यास करण्यात आयुष्यातली कितीतरी वर्षे घालवली. आपल्या शाळेतल्या मुलाला मात्र कळप कुठून कुठे जातो याचा नकाशा काढायला क्वचितच सांगितले जाते.

बेलवाडीत पहिले गोल रिंगण होते आणि इंदापुरात दुसरे. इंदापूरचे रिंगण कदम विद्यालयाच्या मैदानावर भरते, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. एरवी जिथे कवायत होते, कबड्डीची आखणी असते, तिथे त्या दिवशी वर्तुळ आखले जाते. रिंगणाला एक क्रम असतो. आधी पताकाधारी धावतात, मग डोईवर तुळस आणि हंडे घेतलेल्या महिला, मग विणेकरी, टाळकरी, पखवाजवाले. शेवटी अश्व. एकावर स्वार असतो, दुसऱ्याची पाठ रिकामी. ती देवासाठी राखलेली. अश्वांच्या टापांखालची माती कपाळाला लावायला गर्दी उसळते आणि मग फुगड्या, हमामा, हुतूतू सुरू होतात. साठीतल्या बायका नातींबरोबर फुगडी घालतात. ताल, वर्तुळ, वेग, शरीराचा तोल आणि शेकडो माणसांनी एकमेकांना न धडकता एका दिशेने फिरण्याची शिस्त, हे सगळे इथे एका तासात पाहायला मिळते. आषाढी एकादशीला बहुतेक शाळा बालदिंडी काढतात, विठ्ठल-रखुमाईचा वेश करतात, फोटो निघतात. तेवढ्यावर न थांबता वर्तुळ आखायला, पखवाजाचे बोल हातावर वाजवायला, टाळाची चाल धरायला शिकवले, तर गणित आणि संगीत एकाच मैदानावर येतील.

सराटीला नीरेच्या पाण्यात तुकोबांच्या पादुकांना स्नान घालतात आणि पालखी नदी ओलांडून सोलापूर जिल्ह्यात शिरते. वाटेतले निमगाव केतकी पानमळ्यांसाठी ओळखले जाते. वेळ असेल तर एखादा मळा आतून पाहावा. उंच वेलींच्या हिरव्या बोळातून चालताना बाहेरचे ऊन विसरायला होते.

श्रावणात बारामती वेगळी दिसते. नागपंचमीला शहरातल्या गच्च्यांवर पोरे-थोरे पतंग घेऊन चढतात. महाराष्ट्रात अनेक ठिकाणी पतंग संक्रांतीचा, पण बारामती-फलटणच्या पट्ट्यात तो पंचमीचा. कारण या भागाच्या हवामानात सापडते असे मला वाटते. मावळात, मुळशीत त्या दिवसांत पावसाची झड असते. इथे, पर्जन्यछायेत, ढग येतात पण बरसत नाहीत आणि पश्चिमेचा वारा मात्र दिवसभर वाहतो. आठवण झाली ग्वाटेमालातल्या सुम्पांगो आणि सांतियागो साकातेपेकेस या माया गावांची. तिथे १ नोव्हेंबरला बांबू आणि रंगीत कागदाचे प्रचंड पतंग उभारतात, पावसाळा सरून वारा सुटतो तेव्हा, पूर्वजांच्या आठवणीत. दोन्हीकडे वाऱ्याने सणाची वेळ ठरवलेली दिसते. सांतियागोत पतंग गावकरी महिनोन्महिने खपून स्वतः बनवतात. बारामतीत आता बहुतेक पतंग विकतचे आणि मांजा नायलॉनचा. या मांज्याने पक्षी मरतात, दुचाकीवरच्या माणसांचे गळे कापले जातात, आणि बंदी असूनही तो मिळतो. उपाय शाळेच्या हातात आहे. कामट्या तासायच्या, कागद कापायचा, खळ लावायची, कन्नी बांधायची आणि साध्या सुती दोऱ्यावर उडवायचा. पतंगाचा तोल साधताना मूल जे शिकते ते फळ्यावरच्या आकृतीतून शिकत नाही.

पावसाळ्यातच बेंदूर किंवा पोळा येतो, गावाच्या रिवाजाप्रमाणे. ट्रॅक्टर आले तरी घरात मातीच्या बैलांची पूजा चुकत नाही. बैल कुंभाराकडून येतात किंवा मुले घरी करतात. या भागातली काळी माती चिकट आणि वाळताना तडकणारी. म्हणून ती मळताना काय मिसळायचे, वशिंड कसे जोडायचे, सावलीत किती वेळ ठेवायचे, हे सगळे आजीला माहीत असते. एका जिल्हा परिषद शाळेतल्या बाईंनी मला मुलांचे बैल दाखवले. कुठल्याही दोन बैलांची शिंगे सारखी नव्हती. प्रत्येक मुलाने आपल्या गोठ्यातला बैल केला होता.

भाद्रपदात मोरगावी जावे. चार कोपऱ्यांना मिनारांसारखे मनोरे असलेले मयूरेश्वराचे देऊळ अष्टविनायकांतले पहिले मानतात. गणपतीसमोर एरवी उंदीर असतो, इथे त्याच्या जोडीला भलामोठा नंदीही आहे. कऱ्हेकाठाने पुढे बारामतीला आले की आणखी एक वारसा भेटतो, शब्दांचा. श्रीधरस्वामींनी शिवलीलामृत शके १६४० मध्ये इथेच पूर्ण केले. पन्हाळ्याला १७२९ साली जन्मलेले मोरोपंत बाबूजी नाईकांच्या आश्रयाने बारामतीत राहिले आणि १७९४ मध्ये इथेच वारले. आर्या रचण्यात त्यांचा हात कोणी धरला नाही. रामायणाची नवनवी रूपे त्यांनी रचली. एकात तर ओठांनी उच्चारायचे एकही अक्षर येऊ दिले नाही, ते निरोष्ठ रामायण. मुलांना ही गोष्ट सांगून पाहावी. प, फ, ब, भ, म न वापरता चार ओळी लिहा म्हटले की चौथीचा वर्ग अर्धा तास गप्प बसतो आणि व्याकरण हसतखेळत डोक्यात शिरते.

सूर्य हस्त नक्षत्रात गेला की हादगा बसतो. पाटावर किंवा भिंतीवर हत्तीचे चित्र, त्याला फळाफुलांच्या माळा, आणि भोवती मुलींचा फेर. पहिल्या दिवशी एक गाणे, दुसऱ्या दिवशी दोन, असे रोज एकेक वाढत जाते आणि खिरापतीही वाढतात. शेवटी डबा हलवून, वास घेऊन खिरापत ओळखायची. या रचनेत किती शहाणपण आहे! जुने रोज उजळायचे, त्यावर नवे एकच घालायचे. पाठांतराची याहून सोपी युक्ती कुठल्या शिक्षणतज्ज्ञाने सांगितलेली मला ठाऊक नाही. एका आजींनी सोळा दिवसांची गाणी मला क्रमाने म्हणून दाखवली, एकही न चुकता. त्यांच्या नातीला तीन येत होती. शाळेच्या पटांगणात फेर धरला, तर तिनाची सोळा व्हायला दोन आठवडे पुरतात.

त्याच दिवसांत घरोघरी घट बसतात. शेतातली माती आणून पत्रावळीवर पसरायची, त्यात पाच-सात प्रकारचे धान्य पेरायचे, मधोमध पाण्याचा घट. नऊ दिवसांत पिवळे-हिरवे कोंब उंच होतात आणि दसऱ्याला बापईमाणसे ते टोपीत खोवतात. रब्बीच्या पेरणीआधी कोणते बियाणे चांगले उगवते याची ही घरगुती परीक्षाच. विज्ञानाच्या पुस्तकातला अंकुरणाचा धडा देवघरात चालू असतो. शाळेने फक्त मुलाला वही घेऊन घटासमोर बसवायचे आणि कोंबांची रोजची उंची लिहायला सांगायचे आहे. धनगर वस्त्यांवर याच सुमारास ढोल घुमतात, गजीनृत्याचे फेर धरले जातात, ओव्या गायल्या जातात. म्हातारी माणसे अजून हाताने लोकर कातताना दिसतात. त्या सुताची घोंगडी सनगर विणतात आणि तिला चिंचोक्याची खळ देतात. विणकामाच्या सुया परदेशातून आणण्यापेक्षा या माणसांना वर्गात बोलवावे.

दिवाळीत शाळांना सुट्टी असते, आणि तेव्हाच इथली मुले वर्षातले सर्वांत मोठे शिल्प घडवतात. अंगणातला किल्ला. दगड-विटांचा ढिगारा, त्यावर चिखलात बुडवलेली पोती, तटबंदी, बुरूज, पायथ्याची विहीर, मोहरी नाहीतर अळीव पेरून आणलेली हिरवळ, कुंभाराकडचे मावळे, वर सिंहासनावर महाराज. चार-पाच पोरे आठवडाभर राबतात. कोण माती आणणार, कोण दरवाजा करणार, यावरून भांडतात आणि मिटवतात. कुणी नुसता कल्पनेतला किल्ला करतो, कुणी राजगड किंवा पुरंदर बघून येऊन त्याच्या माच्या जशाच्या तशा करतो. या दुसऱ्या मुलांशी बोलताना जाणवते की त्यांना चढाची दिशा, पाण्याची टाकी, चोरदिंडी यांचा अर्थ कळलेला आहे. भूगोल, इतिहास आणि स्थापत्य तिन्ही मातीत एकत्र आले आहेत. सुट्टीनंतर पहिल्या दिवशी त्यांना वर्गात उभे करून “तुझा किल्ला सांग” एवढे म्हटले तरी पुरे.

दिवाळी झाली की उसाच्या पट्ट्यात गाळप सुरू होते. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती असे कारखाने या दोन तालुक्यांत आहेत. वालचंद हिराचंद यांनी १९३४ च्या सुमारास उभारलेले वालचंदनगरही साखरेतूनच वाढले. बीड, अहिल्यानगर आणि आणखी कोरडवाहू भागांतून तोडणी मजूर कुटुंबासह येतात, कोप्या बांधतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. त्यांच्या मुलांचे शाळेचे वर्ष नेमके मध्यावर तुटते. स्वयंसेवी संस्थांनी चालवलेल्या साखरशाळा, नंतर शासनाचे शिक्षण हमी कार्ड, असे प्रयत्न झाले, तरी पहाटे फडात आईबरोबर गेलेले मूल शाळेत आणणे सोपे नाही. श्टुटगार्टची ती पहिली शाळा कारखान्यातल्या मजुरांच्या मुलांसाठीच होती, हे इथे उभे राहिल्यावर तीव्रतेने आठवते. कलेचे शिक्षण ही सुखवस्तू घरांची हौस मानली जाते. पण भाषेचा लहेजा वेगळा, पुस्तक मध्येच सुटलेले, वर्गात कुणी ओळखीचे नाही, अशा मुलाला पहिल्या दिवशी धड्याचा प्रश्न विचारण्यापेक्षा त्याच्या गावाचे गाणे विचारावे. त्याला ते येत असते. तिथून त्याची जागा वर्गात तयार होते.

फेब्रुवारी-मार्चमध्ये इंदापूर तालुक्याच्या उत्तर टोकाला, भिगवण आणि कुंभारगावला जावे. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या फुगवट्यावर रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. पहाटे होडीतून गेले तर उथळ पाण्यात चोच उलटी करून चिखल गाळणारे शेकडो पक्षी दिसतात. मासेमारी करणाऱ्या घरांतली तरुण मुले आता वाटाड्याचे काम करतात आणि पक्ष्यांची मराठी-इंग्रजी नावे सहज सांगतात. त्यांचे शिक्षण पाण्यावर झाले आहे. कडक उन्हाळ्यात पाणी ओसरले की पळसदेवचे बुडालेले जुने देऊळ उघडे पडते. धरणाने कोणाला काय दिले आणि कोणाचे काय घेतले, हा धडा तिथे उभा राहून शिकवता येतो. वैशाखात तालुक्याच्या पूर्व टोकाला नीरा नरसिंहपूरला, नीरा-भीमेच्या संगमावर, नृसिंह जयंतीचा उत्सव होतो आणि वर्षाचे चक्र पुरे होते.

या परंपरा जशाच्या तशा उचलाव्यात असे मला वाटत नाही. हादगा मुलींचा, किल्ला बहुधा मुलांचा, पायघड्यांचा मान एका जातीचा, कळपाचा दुसऱ्या. शाळेत आल्यावर या रेषा पुसल्या पाहिजेत. मुलांनी फेर धरावा, मुलींनी तट बांधावा, पखवाज सगळ्यांच्या हाती यावा. इंदापूरच्या चाँदशावली दर्ग्याच्या उरुसाला जाणाऱ्या घरातल्या मुलालाही आपला सण वर्गाच्या भिंतीवर दिसला पाहिजे. गावाचा सण सर्वांचा करून दाखवणे हे शाळेचेच काम आहे.

हे शक्य आहे याचे दाखले दूर नाहीत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काडी, बिया, शिंपले, पाने हीच शिक्षणाची साधने केली. बारामतीहून नीरा ओलांडली की फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी उभी केलेली प्रगत शिक्षण संस्था आणि तिचे कमला निंबकर बालभवन आहे. मुलांच्या बोलीला मान देऊन मराठीतून उत्तम शिकवता येते, हे तिथे सिद्ध झाले आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस सुचवले आहेत, स्थानिक कारागिरांकडे जाऊन शिकण्यासाठी.

जाणाऱ्यांसाठी थोडे सांगतो. पुण्याहून बारामती सुमारे शंभर किलोमीटर, बारामतीहून इंदापूर पन्नासेक. दोन्हीकडे एसटी भरपूर आहे. रिंगणाच्या दिवशी गाडी लांब उभी करून वारकऱ्यांबरोबर चालत जावे आणि काटेवाडीत कळपाच्या वाटेतून बाजूला राहावे. पक्षी पाहायला सूर्योदयाआधी पोचावे आणि होडीवाल्याला थव्याच्या फार जवळ जायचा आग्रह करू नये. बरोबर मुले असतील तर त्यांच्या हाती मोबाइलऐवजी चित्रवही द्यावी.

आणि बारामती-इंदापूरच्या शिक्षकांना, पालकांना एक विनंती. जूनमध्ये वार्षिक नियोजन भराल तेव्हा घटक चाचण्यांच्या शेजारी एक रकाना आखा. रिंगण, पतंग, मातीचे बैल, हादगा, घट, किल्ला, घोंगडी, रोहित. प्रत्येकापुढे गावातल्या एका जाणत्या माणसाचे नाव लिहा आणि त्याला वर्गात बोलवा. यासाठी नवे अनुदान लागत नाही, नवे साहित्य लागत नाही. वेळापत्रकात जागा लागते, आणि ती देणे आपल्या हातात आहे.